डोळे उघडे ठेवून

तीनशे मुलांना एकदम डोळे मिटायला सांगितलं की सभागृह शांत होतं. व्यासपीठावरून बघणाऱ्याला वाटतं, काय जादू आहे! खाली उतरून रांगांमधून फिरलं की वेगळंच दिसतं. निम्मी मुलं झोपलेली असतात, काही एक डोळा किलकिला करून शेजारी बघत असतात, काहींचा अंगठा मांडीवरच्या फोनवर आपसूक फिरत असतो. आणि दोन-चार जणांच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत असतं. मी बेंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठात समुपदेशक आहे. माझं काम या दोन-चार जणांपासून सुरू होतं.

नव्या मुलांच्या स्वागताचं आपल्याकडे आता शास्त्र झालं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. त्याआधीपासून अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एआयसीटीईचा तीन आठवड्यांचा कार्यक्रम होताच. मूळ कल्पना मला मनापासून पटते : मूल थेट वर्गात जाऊन पडू नये, आधी त्याला जागेची आणि माणसांची ओळख व्हावी. प्रत्यक्षात तीन आठवड्यांचा आठवडा होतो आणि त्यात 'ग्रंथालय परिचय' आणि 'रॅगिंगविरोधी शपथ' यांच्या बेचक्यात 'माइंडफुलनेस' बसवलं जातं. प्रशासनांना हा विषय फार आवडतो. कारण उघड आहे. वसतिगृहातला गिझर दुरुस्त करायला पैसे लागतात, श्वासाला लागत नाहीत.

एवढं म्हणूनही मी हे काम सोडलेलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. जॉन काबाट-झिन यांनी १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो अभ्यासक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या, औषधांनी पुरता गुण न आलेल्या माणसांसाठी होता. बौद्ध ध्यानपरंपरेतून त्यांनी जे घेतलं, ते रुग्णालयाच्या भाषेत मांडलं. त्या अभ्यासक्रमातला मनुक्याचा पाठ जगभर प्रसिद्ध आहे. एक मनुका हातात घ्यायचा, आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा बघायचा, हुंगायचा, कानाशी नेऊन दाबायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग अगदी सावकाश चावायचा.

हा पाठ मी वीसेक मुलांच्या गटात घेत होते. (इथे आणि पुढेही मुलांच्या ओळखीचे तपशील मी बदलले आहेत.) केंगेरीच्या बाजारातून पिवळा बेदाणा आणला होता. सगळ्यांच्या तळहातावर एकेक ठेवला आणि ठरलेली वाक्यं म्हणायला लागले : समजा, हा पदार्थ तुम्ही कधीच पाहिलेला नाही. बाकीची मुलं चुळबुळत होती, पण खिडकीजवळचा एक मुलगा गढून गेला होता. त्याने बेदाणा उजेडात धरला, चिमटीत फिरवला, नखाने देठाची जागा तपासली, नाकाशी नेला. मला वाटलं, चला, एकाला तरी जमलं. तेवढ्यात त्याने मान वर केली.

"मॅडम, हा दोन नंबरचा माल आहे."

वर्ग हसला. तो हसला नाही. तासगावकडचा होता तो. त्याने अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत सगळ्यांना सांगायला सुरुवात केली : द्राक्षं आधी डिपिंगच्या द्रावणात बुडवतात, मग शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर पसरतात, वरून सावली आणि बाजूंनी वारा हवा. वाळताना अवकाळी पाऊस आला की रंग मारला जातो. मग गंधकाची धुरी देतात, मळणी करून देठ काढतात, प्रतवारी होते, सौद्याला नेतात. याचा देठ नीट निघालेला नाही, आणि हा काळपटपणा बघा, याला बहुतेक पाऊस लागलाय. बोलता बोलता तो वाक्याच्या मध्येच थांबला आणि बेदाणा खिशात टाकून खिडकीबाहेर बघत बसला.

पाठ अर्थातच फसला होता. 'कधीच पाहिलेला नाही' असं समजणं त्याला शक्यच नव्हतं; त्याचं बालपण त्या रॅकखाली गेलं होतं. पण लक्ष देणं म्हणजे काय याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मी त्या वर्षी पाहिलं नाही. रंग, वास, देठ, पाऊस, सगळं त्याने दोन मिनिटांत वाचलं. एकाग्रता त्याला शिकवायची गरजच नव्हती. ती त्याच्याकडे भरपूर होती, फक्त सगळीच्या सगळी तासगावात होती. बेंगळुरूत त्याला लक्ष द्यावं असं अजून काही भेटलंच नव्हतं. नव्या मुलांबरोबरच्या माझ्या कामाला जे वळण लागलं, ते इथून.

विद्यापीठात रुळणं हे मला आता बरंचसं लक्षाचंच प्रकरण वाटतं. शरीर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने पहाटे स्टेशनवर उतरतं, रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालतं, खोलीचा ताबा घेतं. मन त्या गाडीने येत नाही. आणि हल्ली त्याला यायची गरजही उरलेली नाही, कारण घर चोवीस तास हातात असतं. मी निपाणीहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा आठवड्यातून एकदा एसटीडी बूथसमोर रांग असायची. रात्री उशिरा दर कमी व्हायचे म्हणून उशिरा जायचं, आणि आई बोलत असताना नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. पण दोन फोनांच्या मधले सात दिवस आम्हाला एकमेकींवाचून गत्यंतर नव्हतं, हेही खरं.

आमच्या मेसमध्ये आता असं दिसतं : स्टीलच्या पेल्याला टेकवून फोन उभा केलेला, पडद्यावर आई, आईच्याही पुढ्यात ताट. "आज काय आहे? परत सांबार? थोडं तूप घाल त्यात." समोरच्या बाकावर दुसरा मुलगा, त्याच्या पेल्याला त्याचा फोन, त्यात त्याची भोपाळची मावशी. ही दोन मुलं तीन-तीन आठवडे समोरासमोर जेवतात आणि त्यांना एकमेकांची नावं ठाऊक नसतात. आयांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचंही घर अचानक रिकामं झालेलं असतं.

घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकाने फार पूर्वी नोंदवलं आहे. योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८मध्ये बासेल विद्यापीठात यावरच प्रबंध लिहिला. त्यातला एक रुग्ण बर्नहून बासेलला शिकायला आलेला तरुण होता. खंगत चालला होता, आशा सोडल्यासारखी स्थिती होती, आणि घरी न्यायला निघाल्यावर तो वाटेतच सुधारायला लागला. बर्न ते बासेल म्हणजे शंभरेक किलोमीटर. मुलं माझ्याकडे येतात तेव्हा निम्मी लाजेने बोलत नाहीत. अठराव्या वर्षी आईची आठवण येऊन रडू येतं, हे कसं सांगायचं? त्यांना मी हा बासेलचा विद्यार्थी सांगते. तीनशे वर्षांपूर्वीचा एक जोडीदार मिळाला की बोलणं जरा सैल होतं.

त्यांना सगळ्यांनी दिलेला सल्ला एकच असतो : घरची आठवण काढू नकोस. हा सल्ला चालत नाही, हेही प्रयोगाने दाखवलेलं आहे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आला तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिली. म्हणून मी घराला बंदी घालत नाही. घर मनात आलं की 'घर' एवढीच नोंद करायची आणि पुन्हा समोर जे असेल त्याकडे वळायचं : खिडकीवरचा पाऊस, पंख्याचा आवाज, मेसमधला वास. हे डोळे उघडे ठेवून करायचं. काही मुलांना डोळे मिटले की छातीत धडधड वाढते, जुनी भीती वर येते. त्यांना बळेच मिटायला लावणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मग आम्ही समोरच्या गोष्टींचाच अभ्यासक्रम केला. पहिला धडा मेसचा. दिवसातलं एक जेवण फोनशिवाय, आणि त्या जेवणात समोरच्याला एक प्रश्न. एवढंच. यावर पालकांचे फोन आले. तासगावच्या मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, दुपारी फोन उचलंना झालाय पोरगा. काय भांडलं काय कुणाशी? मी येऊन जाऊ काय?" मी म्हटलं, "दादा, जेवतोय तो. रात्री बोलेल. या जरूर, पण आत्ता नको, दिवाळीनंतर या." ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्येच्या आईला तुमीच सांगा." तिला सांगणं जास्त अवघड गेलं.

मेसमध्ये वाढणाऱ्या अक्का प्रत्येकाला विचारतात, "ऊट आयता?" जेवण झालं का. बेंगळुरूत हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो, उत्तराची फारशी अपेक्षा नसलेला. महाराष्ट्रातून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात मान हलवून पुढे सरकतात. 'आयतु, अक्का' असं कुणी उत्तर दिलं की अक्का थबकतात, हसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात ताकाचा एक पेला जास्त येतो. सांगली-कोल्हापूरच्या मुलांच्या घरात अक्का आणि अण्णा असतातच, त्यामुळे त्यांची जीभ लवकर वळते. पुण्या-मुंबईची मुलं मात्र आल्याआल्या ऐकवतात की बेंगळुरू १६३८पासून शहाजीराजांची जहागीर होती. होती, बरोबर आहे. पण त्या माहितीवर मसाला डोसा मिळत नाही.

रविवारी इच्छुकांना घेऊन मी लालबागेत जाते. जांभळ्या मेट्रोने मॅजेस्टिक, तिथून हिरवी. आत शिरल्यावर उजवीकडे-डावीकडे फुलं दिसत असली तरी आम्ही आधी खडकावर चढतो. केंपेगौडांचा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, तो ३०० कोटी वर्षांइतका जुना मानला जातो आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे. चपला काढायच्या आणि तळपायाला काय जाणवतं ते सांगायचं. खडबडीत, गरम, इथे ओल आहे, इथे मुंग्या आहेत. संगणकशास्त्राच्या एका मुलीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅम, इतक्या वर्षांत याला एकही अपडेट आलं नाही?" खडकावरून चारी बाजूंना शहर दिसतं. तिथे मी त्यांना आपलं वसतिगृह कोणत्या दिशेला असेल ते बोट करून दाखवायला लावते. सुरुवातीला प्रत्येकाचं बोट वेगळीकडे जातं. घराची दिशा विचारली तर बहुतेकांना बरोबर सांगता येते.

हे सगळं म्हणजे माइंडफुलनेस का, असं आमच्या एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं. मी वाद घातला नाही. केम्ब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१८मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. आठ आठवडे माइंडफुलनेस शिकलेल्या मुलांना परीक्षेच्या काळात इतरांपेक्षा कमी ताण जाणवला. तो निष्कर्ष मी अधिष्ठात्यांपुढे अनेकदा ठेवला आहे. पण त्यासोबत दुसराही ठेवते. ब्रिटनमध्येच ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांच्या अभ्यासात काही शाळांनी वर्गात असंच प्रशिक्षण दिलं, आणि २०२२मध्ये कळलं की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त काही उपयोग झाला नाही. घरी सराव फारसा कुणी केलाच नव्हता. वयं वेगळी, ठिकाणं वेगळी, त्यामुळे दोन्ही थेट एका मापाने मोजू नयेत. मला दिसणारा फरक एक आहे : केम्ब्रिजची मुलं आपणहून आली होती, शाळेतली मुलं वेळापत्रकात होती म्हणून बसली होती. माझ्या छोट्या गटांना हजेरी नाही, ती यावरून. कमी मुलं येतात. जी येतात ती येत राहतात.

लक्ष देण्याची ही सगळी विद्या एका जागी मात्र थांबवावी लागते, आणि ते मला नागपूरच्या एका मुलीने दाखवलं. तिची आजी विहारात जाणारी, इगतपुरीच्या धम्मगिरीला शिबिरं केलेली. मुलगी स्वतः शाळेपासून आनापान करत आलेली. ती माझ्याहून स्थिर बसायची. पहिल्याच बैठकीत मला समजलं की हिला मी काही शिकवू शकणार नाही. एक-दोनदा तिलाच मी गट घ्यायला लावला. नंतर एक दिवस ती माझ्या खोलीत आली. खोलीतल्या मुलींनी आधी आडनाव विचारलं होतं, मग प्रवेश परीक्षेतला क्रमांक, मग फीमध्ये किती सूट मिळते ते. मग तिचं येणं-जाणं, तिचा डबा, तिची भीमजयंतीची पोस्ट, सगळ्यावर टोमणे. मी विचारलं, किती दिवस हे चाललंय? ती म्हणाली, "मॅम, बघतेच आहे मी. मनात काय येतं ते बघते, राग येतो तो बघते, जातो तो बघते. बघून बघून थकले."

इथे तिला अजून एक श्वास घ्यायला सांगणं म्हणजे त्या मुलींची बाजू घेणं झालं असतं. तिचं मन अगदी ठिकाणावर होतं. ठिकाणच बिघडलेलं होतं. तक्रार लेखी दिली, समान संधी कक्षाने चौकशी केली, आणि मी एका मुद्द्यावर अडून बसले : खोली तिने बदलायची नाही. आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला आणि पायल तडवी या विद्यार्थ्यांच्या आयांनी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती विद्यापीठांमध्ये जातीवरून होणारा छळ थांबवण्याची खरी यंत्रणा असावी म्हणून. अशा प्रसंगी जिथे समिती हवी तिथे समुपदेशक पाठवतात, आणि जिथे समुपदेशक हवा तिथे ध्यानाची ध्वनिफीत. उतरंड मला पाठ झाली आहे.

समुपदेशक तरी पुरेसे कुठे आहेत? जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसतज्ज्ञ असावा, आणि परीक्षेच्या व स्थित्यंतराच्या काळात मुलांच्या छोट्या तुकड्यांना स्वतंत्र मार्गदर्शक द्यावेत. पहिला भाग संस्था पटकन पाळतात, एक पाटी लावली की झालं. दुसऱ्या भागात खरा जीव आहे, कारण शाळेतून विद्यापीठात येणं हे स्थित्यंतरच आहे. आमच्याकडे हजारो मुलांमागे आम्ही मोजक्याच जणी. शिवाय आमच्या दाराशी येताना कुणी बघेल ही भीती. म्हणून १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक मी प्रत्येक गटात फळ्यावर लिहिते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, रात्रंदिवस आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तिचं शिखर केंद्र आमच्याच शहरात, निम्हान्समध्ये आहे. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, जगण्यातच रस न उरलेली मुलं असतात. त्यांना लालबागेच्या खडकावर नेऊन चालत नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं असतं. नव्या मुलांना हा फरक सांगायला मी कचरत नाही. आपल्याला नेमकं काय होतंय हे बघायला शिकण्याचा एक उपयोग हाच की मदत कधी मागायची ते कळतं.

इथली लोकं कशावरही हसून म्हणतात, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." जरा जुळवून घ्या. बसमध्ये तिसऱ्या माणसाला सीटवर जागा करून देताना ते गोड वाटतं. वसतिगृहात नळाला पाणी नसताना वॉर्डनने म्हटलं की गोड वाटत नाही. मुलं हे फार लवकर ओळखतात. पूर्वी ती माझ्याकडे 'मला जुळवून घेता येत नाही' म्हणून येत; आता काही जण यादी घेऊन येतात : हे माझं आहे, हे तुमचं आहे. मला ही यादी फार आवडते.

तासगावचा मुलगा दुसऱ्या सत्रात मेस समितीवर निवडून आला. त्याचं कन्नड अजून मोडकं आहे, पण भाज्यांची प्रत, तांदळाचं पोतं, दह्याची आंबटी यावर त्याचं बोट चालतं ते बेदाण्यावर चालायचं तसंच, आणि कंत्राटदार त्याला बिचकून असतो. आता त्याचं आणि माझं मिळून एक मागणीपत्र गेलं आहे : नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात मेसचं स्वयंपाकघर आतून दाखवावं. इडलीचं पीठ कुठे भिजतं, पाचशे माणसांचा भात कसा उतरतो, अक्कांचा दिवस किती वाजता सुरू होतो, हे बघितल्यावर ताटाशी वेगळं नातं जुळेल, असं आमचं म्हणणं. प्रशासनाची हरकत नाही, फोटो चांगले येतील म्हणून उलट उत्साहच आहे. कंत्राटदाराने मात्र स्वच्छतेचं कारण देऊन परवानगी नाकारली. मुलं आत आली तर अस्वच्छता होईल, असं त्याचं लेखी उत्तर आहे. ते वाचून पोरगा म्हणाला, "मॅडम, आता तर आत जायलाच पायजे."